कोपरात राहून फोर बाय फोर: हौसेची कारणं आणि वापरायची रीत

कोपर स्टेशन दोन मजली आहे. खालून कल्याणच्या लोकल जातात, वरून दिवा–वसई मार्गावरच्या गाड्या. सोमवार ते शुक्रवार ठाणे, दादर किंवा सीएसएमटी गाठायला इथल्या माणसाला चारचाकी लागत नाही. हौसेने कुणी आठवडाभर ऑफिसला गाडी नेलीच, तर कल्याण–शीळ रस्त्यावरच्या रांगांना कंटाळून तो पुन्हा पास काढतो. त्यामुळे कोपरातली, एकूण डोंबिवलीतलीच म्हणा, पुष्कळशी चारचाकी पाच दिवस सोसायटीच्या आवारात उभी असते. शनिवार-रविवारी, सणासुदीला, लग्नकार्याला आणि गावी जायला ती बाहेर निघते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घेऊ का, असं कुणी विचारलं की मी बोलायला इथूनच सुरुवात करतो. गाडीला रोज कामावर जायचंच नसेल, तर ती कामावर जाण्याच्या हिशेबाने कशाला निवडायची? रविवारची गाडी आहे, रविवारचाच हिशेब लावा.

गाडी घेताना आपल्याकडे घरात मायलेजची चर्चा होते, रिसेलची होते, सर्व्हिस सेंटर किती लांब याची होते. आवडते म्हणून घेतो, हे वाक्य मात्र कुणी मोठ्याने म्हणत नाही. माझ्या मते ते मोकळेपणाने म्हणावं. हौस हे पुरेसं कारण आहे. त्या हौसेला वर्षभर काम काय द्यायचं आणि कुठे थांबवायचं, एवढं आधी ठरवलं की झालं.

पहिलं कारण पावसाचं. जून उजाडला की उपनगरातला माणूस आकाशाकडे काळजीने बघू लागतो. रुळांवर पाणी, रस्त्यावर खड्डे, रविवारी घरात कोंडलेली मुलं. पण याच दिवसांत कोपरपासून तास-दीड तासावरचा मुलूख सर्वांत देखणा असतो. बदलापूर ओलांडून बारवीच्या अंगाला, मुरबाड-टोकावड्याच्या पुढे, शहापूरच्या आतल्या गावांकडे भाताची लावणी चाललेली असते, डोंगरावरून पाणी उतरत असतं. मोठागाव–माणकोली पूल २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेचा माणूस खाडी ओलांडून थेट नाशिक महामार्गाला लागतो, त्यामुळे शहापूर आणखीच जवळ आलं. मुख्य रस्ता डांबरीच असतो. अडचण त्यानंतरची. मित्राच्या शेतघराकडे वळलं की डांबर संपतं, पुढे मुरूम, मग लाल माती, मग ट्रॅक्टरने कापलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये पाणी. साध्या गाडीचा मालक तिथे उतरतो, बघतो, गाडी रस्त्याकडेला लावून छत्री उघडतो. फोर बाय फोरवाला लिव्हर ओढतो आणि थेट पडवीपाशी जाऊन थांबतो. डोंबिवलीकरांनी मुरबाड, कर्जत, नेरळ भागात घेतलेल्या जागा पाहा. बहुतेकांच्या वाटेचा शेवटचा तुकडा असाच असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या जागा मालकाविना पडून असतात. ही गाडी दारात आली की वर्षातले हेच दोन महिने तुमच्या सर्वांत आवडीचे होतील, असं मी खात्रीने सांगतो.

दुसरं कारण गणपतीचं. आपल्यापैकी कित्येकांचं गाव कोकणात आहे, आणि मुंबई–गोवा महामार्गाबद्दल कोकणातल्या माणसाला मी वेगळं काही सांगायला नको. पण त्या महामार्गासाठी फोर बाय फोर लागत नाही. खड्ड्यांना लागतं ते मजबूत सस्पेन्शन आणि जमिनीपासूनची उंची. चारही चाकांची ताकद कामाला येते ती वाडीच्या वाटेवर. फाट्यावरून आत वळल्यावर जांभ्याचा चढ, त्यावर भाद्रपदातलं शेवाळ, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला ओहोळ. मागे सामान, मांडीवर मखराचे तुकडे, आणि मूर्ती जर पेणहून आणली असेल तर कुणाच्या तरी दोन्ही हातांत बाप्पा. अशा चढावर चाक एकदा जागीच फिरलं की गाडीतल्या सगळ्यांचा श्वास अडकतो. तिथे फोर लो, म्हणजे चारही चाकांचा धीमा, जोरदार गिअर, टाकून, पाय हलका ठेवून, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर चढते आणि मूर्तीला धक्कासुद्धा लागत नाही. एवढ्या एका चढासाठी गाडी घेतली असं कुणी मला सांगितलं, तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

तिसऱ्या कारणाला मी सर्वांत जास्त किंमत देतो. फोर बाय फोर असलेल्या माणसाला लोक हाक मारतात. सोसायटीतल्या कुणाची गाडी गटाराच्या कडेला कलली, कुणाचा टेम्पो ओल्या मातीत रुतला, कुणाच्या आईला रात्री पावसात दवाखान्यात न्यायचं आहे आणि रिक्षा मिळत नाही, की तुमचा फोन वाजतो. शहरात शेजाऱ्याच्या उपयोगी पडण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. दोर बांधून कुणाची गाडी बाहेर काढली, की त्यानंतर जिन्यात भेटताना दोघांच्या चेहऱ्यावर जी ओळख असते ती कितीही बैठका घेऊन येत नाही. जूनमध्ये शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वह्या आणि रेनकोट पोचवणाऱ्या मंडळांनाही अशा गाड्या हव्या असतात. त्यांना स्वतःहून जाऊन विचारा. तुमच्या रविवारचं त्याहून चांगलं काही होऊ शकत नाही.

आणखी लहानसहान कारणं आहेत. उंच बसल्यामुळे मुलांना खिडकीतून खरोखर काही दिसतं. पुढच्या गाडीचा मागचा भाग बघत प्रवास करावा लागत नाही. ओल्या कुत्र्याला, चिखलाच्या बुटांना, आंब्याच्या पेट्यांना, फणसाच्या चिकाला ही गाडी नाही म्हणत नाही, आणि पुसून काढता येईल अशी जमीन असेल तर घरातलंही कुणी नाही म्हणत नाही. गुढीपाडव्याला डोंबिवलीत १९९९ पासून नववर्ष स्वागतयात्रा निघते. त्या दिवशी कुणाला तरी फुलांनी सजवायला उघडी जीप हवीच असते. आपली गाडी यात्रेत चालली आहे आणि वर पोरं लेझीम घेऊन उभी आहेत, यात कसला मोठेपणा नाही, पण आनंद भरपूर आहे.

शिवाय ही गाडी आपल्या मुलखाची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून विलीज कंपनीची जीप बनू लागली, आणि त्याच युद्धकाळात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. युद्ध संपल्यावर काही वर्षांत मुंबईत, माझगावला, महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे चाळीस-पन्नास वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यात सरकार पोचलं ते जीपमधून. तहसीलदार आले, लसीकरणाचं पथक आलं, निवडणुकीच्या मतपेट्या आल्या, सगळे जीपमधूनच. महिंद्रांची आजची थार नाशिकला बनते, जीप कंपास पुण्याजवळ रांजणगावला. ताडोब्यात वाघ बघायला तुम्ही गेलात तर बसलात ते बहुधा मारुतीच्या जिप्सीत. १९८५ साली आलेली ती गाडी बाजारातून गेली, जंगलातून अजून गेलेली नाही. या परंपरेतलं एक वाहन आपल्या दारात असावं असं वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

आता रीत. फोर बाय फोर घेणाऱ्या बऱ्याच जणांना गिअरच्या शेजारचा दुसरा दांडा नक्की काय करतो हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून थोडं सविस्तर.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. दांडा टू एच वर असताना ती फक्त मागच्या चाकांना जाते. फोर एच केलं की पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना एकत्र बांधल्यासारखी समान गतीने जाते. फोर एल, म्हणजेच फोर लो, केलं की तेच, पण अधिक खालच्या गिअरिंगमधून. गाडी धीमी होते आणि चाकांवरचा जोर दुपटीहून वाढतो. फोर एच ओल्या मातीसाठी, वाळूसाठी, खडीसाठी. फोर एल तीव्र चढ, तीव्र उतार, खोल चिखल आणि रुतलेली गाडी ओढण्यासाठी. फोर एल गाडी थांबवूनच टाकायचं. उतारावर याचा खरा उपयोग कळतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला पाय लावावा लागत नाही, आणि ओल्या मातीत ब्रेक न लावणं म्हणजे न घसरणं.

थार, जिम्नी, गुरखा या फोर बाय फोर गाड्यांतली ही रचना कोरड्या डांबरी रस्त्यासाठी नाही. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मधे डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसल्याने तो फरक जिरायला जागा नसते. मातीत चाक थोडं सरकून फरक काढून टाकतं, डांबरावर तसं होत नाही आणि सगळा ताण दांड्यांवर आणि गिअरवर येतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते. कोपर गावातल्या आखूड वळणांवर, कोरड्या दिवशी, फोर एच लावून फिरणं म्हणजे गाडी स्वतःच्या हाताने मोडणं. उलट महिन्यातून एकदा ओल्या मातीच्या वाटेवर थोडं अंतर फोर एचमध्ये जरूर चालवा, म्हणजे आतलं तेल फिरत राहतं आणि ऐनवेळी दांडा अडत नाही.

एक चाक हवेत गेलं तर काय होतं हेही समजून घ्या. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद मोकळ्या चाकाकडे पळते आणि ते नुसतं गरगरतं. त्यावर उपाय दोन: कुलूप, म्हणजे डिफरन्शियल लॉक, जो गुरखात पुढेही आणि मागेही कंपनीकडूनच मिळतो, किंवा फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, जी जिम्नीत आहे. या यंत्रणेला काम करायला क्षणभर लागतो. चाक फिरतंय म्हणून घाबरून पाय काढू नका, हलका आणि स्थिर ठेवा, गाडी पकड घेईल.

चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते लवकर. थांबते मात्र इतर कुठल्याही गाडीइतक्याच अंतरात, जड असेल तर अधिकच. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. माळशेज घाटात धुकं आणि पाऊस असताना पुढच्या गाडीपासून जे अंतर हॅचबॅकवाला ठेवतो, तेच किंवा त्याहून जास्त तुम्ही ठेवायचं.

पाण्याबद्दल मी फार कडक आहे आणि तुम्हीही व्हावं. थारची पाण्यात चालण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे, गुरखाची ७००. म्हणजे साधारण माणसाच्या गुडघ्याच्या थोडं वर. हे आकडे स्थिर पाण्याचे आहेत, तळ कडक आणि दिसत असताना, गाडी हळू चालत असताना. वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ढकलू शकतं, आणि दोन फूट वाहतं पाणी मोठी एसयूव्हीसुद्धा उचलून नेतं, कारण बंद डब्याची गाडी तरंगू लागते आणि तरंगणाऱ्या गाडीला चार चाकांची ताकद असली काय, नसली काय. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या लागल्या, नौदल बोलवावं लागलं. त्या दिवशी त्या पाण्यात जगातली कुठलीही जीप उतरवण्यासारखी नव्हती. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल आणि फरशीची कड दिसत नसेल, तर गाडी अलीकडे थांबवायची आणि चहा प्यायचा. पाणी उतरतं.

साचलेल्या पाण्यातून जायची वेळ आलीच तर आधी कुणाची तरी मोठी गाडी जाताना बघा, पाणी कुठवर चढतं ते कळतं. पहिल्या गिअरमध्ये, एकाच गतीने, न थांबता जा. गाडी मध्येच बंद पडली तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न अजिबात करू नका. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर सेल मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम घ्यावं लागतं. आपल्या भागात राहून ते न घेणं परवडत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून कोरडे करा, आणि खोल पाण्यातून गेला असाल तर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे, लगेच बदला.

आणि इथे एक गोष्ट खास आपल्यासाठी. कोपर, मोठागाव, रेतीबंदर या बाजूचं पाणी खाडीचं आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी उतरायला जागाच राहत नाही, म्हणून पावसाळ्यात निघताना भरतीची वेळ बघण्याची सवय लावा. खाडीकाठच्या चिखलात मीठ असतं. तिथून आल्यावर गाडीची वरची बाजू उद्या धुतली तरी चालेल, खालची बाजू त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. गंज चासीला आधी लागतो आणि दिसतो सर्वांत शेवटी.

टायरचं फार जण उलटं करतात. गाडी घेतल्याबरोबर खोल नक्षीचे मड टेरेन टायर चढवतात. दिसायला उत्तम, पण ओल्या डांबरावर ते लवकर थांबत नाहीत, आवाज करतात, मायलेज खातात. आपला प्रवास मुख्यतः डांबरी आणि शेवटी थोडा चिखलाचा, म्हणून ऑल टेरेन टायर पुरेत. चिखलात किंवा वाळूत अडकलात तर हवा कमी करणं हा पहिला उपाय आहे. अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. नंतर डांबरावर येताच पुन्हा भरायची, म्हणून लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप गाडीत कायम असू द्या. त्यासोबत फावडं, हातमोजे, गाडी ओढायचा चांगल्या क्षमतेचा पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल. दुसऱ्याची गाडी ओढताना पट्टा चासीच्या टो हुकलाच लावा, बंपरला किंवा मागच्या टो बॉलला कधीच नाही. टो बॉल तुटून गोळीसारखा सुटतो. पट्टा ताणलेला असताना दोन्ही गाड्यांच्या आजूबाजूला कुणी उभं राहता कामा नये, आणि पोरांना तर मोबाइल घेऊन तिथे फिरकूच देऊ नका.

कुठे जायचं नाही हे कुठे जायचं याइतकंच महत्त्वाचं. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालू नका. धबधब्याच्या प्रवाहात उतरवू नका. समुद्राच्या वाळूवर नेऊ नका. आपल्या पुष्कळ किनाऱ्यांवर त्याला मनाई आहे, गुन्हे दाखल होतात, आणि भरती आली की गाडी जाते ती निराळीच. माथेरानला तुमची गाडी कितीही तगडी असो, दस्तुरी नाक्यावर लावून पुढे चालत जायचं. नाणेघाट वैशाखऱ्याहून पायीच चढायचा असतो. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल याच वाटेने जुन्नरला जायचा, आणि त्या दगडी पायऱ्यांवर चाकाला काम नाही. आणि भातखाचराच्या बांधावरून गाडी घालणं हा तर थेट शेतकऱ्याच्या ताटावर पाय आहे. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि लावणी वाया जाते. वाट विचारा, शेतमालकाला विचारा, नाही म्हणाला तर मागे फिरा.

घेताना काय बघायचं? आधी पाटी. थार दिसली म्हणजे ती फोर बाय फोरच, असं नाही. जानेवारी २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. ती स्वस्त आहे, कारण त्यात तो दांडा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्समध्ये फोर बाय फोर डिझेललाच मिळते. जून २०२३ मध्ये आलेली जिम्नी मात्र सगळ्या प्रकारांत फोर बाय फोर आहे. ग्रँड व्हिटारासारख्या गाड्यांत ऑल व्हील ड्राइव्ह असते. ती निसरड्या डांबरावर आणि साध्या चिखलात गुणी आहे, पण तिला फोर लो नाही. तुमच्या गावच्या वाटेला चढ नसेल तर तेवढी पुरे, जास्तीचे पैसे घालू नका.

मग जागा. कोपरच्या गल्ल्यांत जिम्नी मला सर्वांत शहाणी वाटते: लांबी चार मीटरच्या आत आणि रुंदी फक्त १,६४५ मिलिमीटर. थारची लांबी तेवढीच, पण अंगाने बरीच रुंद. नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल तर बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली उतरा. थारची उंची सुमारे १.८५ मीटर आहे, गुरखाची दोन मीटरहून जास्त. सेडानसाठी बनवलेल्या खणात यातली एकही मावत नाही. हे नंतर कळलं तर गाडी रस्त्यावर राहते आणि रोजचं भांडण सुरू होतं.

तिसरी तपासणी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची. आजीला शोरूममध्ये घेऊन जा, साडी सांभाळत मागच्या सीटवर चढवून बघा, उतरवून बघा. तीन दाराच्या थारमध्ये पुढची सीट दुमडून मागे जावं लागतं आणि मागच्या काचा खाली होत नाहीत. आजीचा चेहरा उतरला तर पाच दारांची गाडी घ्या: जिम्नी आहे, रॉक्स आहे, गुरखाही पाच दारांत मिळते. आजी ज्या गाडीत चढत नाही ती कुटुंबाची रविवारची गाडी होऊ शकत नाही.

जुनी जिप्सी किंवा जुनी महिंद्रा घ्यायची असेल तर मी अडवणार नाही, पण आरसी बुक आधी आणि रंग नंतर बघा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची कल्याण आरटीओत, आपल्या एमएच-०५ मध्ये, नोंदणी नव्याने करावी लागते, दर पाच वर्षांनी, आणि पर्यावरण कर भरावा लागतो. दुसऱ्या राज्यातून सजवून आणलेल्या, इंजिन बदललेल्या, टू व्हीलची फोर व्हील केलेल्या जीपा स्वस्तात मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमकं तेच पुढे करते. पुढे लावायचे लोखंडी क्रॅश गार्डसुद्धा २०१७ पासून बेकायदेशीर ठरवले आहेत. एअरबॅगच्या सेन्सरला ते अडथळा करतात आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतात. ते लावू नका.

खर्च जास्त आहे हे मी लपवणार नाही. तेल जास्त ठिकाणी बदलावं लागतं, टायर महाग, वजनामुळे इंधन जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा १८ टक्क्यांचा दर चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना मिळाला. जिम्नीचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं असल्यामुळे तिला, आणि थारच्या फोर बाय फोरलाही, ४० टक्केच लागतो. रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याने हा खर्च पुन्हा मोजावा. पण आठवडाभर लोकलने जाणाऱ्या कोपरकराचं वर्षाचं फिरणं मर्यादित असतं, आणि तिथे हा फरक महिन्याला पेलण्याजोगा राहतो.

घेतल्यावर पहिल्या पावसाआधी शिकून घ्या. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, कसारा घाट चढला की आलंच. एक दिवस तिथे घालवला तर उतारावर ब्रेकवरून पाय काढायचं धैर्य येतं, जे लेख वाचून येत नाही. पहिले काही रविवार दुसऱ्या फोर बाय फोरसोबतच जा, एकट्याने चिखलात शिरू नका. घरातल्या सगळ्या चालकांना दांडा वापरायला शिकवा, बायकोला, मुलीला, सगळ्यांना. अडकलेल्या दिवशी स्टिअरिंगवर कोण असेल हे सांगता येत नाही.

अजून मनाचा निर्णय होत नसेल तर एक करा. तुमच्या सोसायटीत किंवा मित्रांत कुणाकडे तरी अशी गाडी असणारच. जुलैतल्या एखाद्या रविवारी त्याला म्हणा, मुरबाडला जाऊन येऊ, डिझेल माझं. तो नाही म्हणणार नाही. बाजूच्या सीटवर बसून जा, मातीच्या वाटेवर थोडा वेळ स्वतः चालवून बघा, आणि मगच शोरूमची पायरी चढा.